शेवटचे पुस्तक

श्रावणातील दुपार होती. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी वसलेल्या गणेशपुरी गावावर सकाळपासून संततधार पाऊस कोसळत होता. समोरच्या डोंगराचा माथा ढगांत बुडून गेला होता आणि गरम पाण्याच्या कुंडांवर वाफेचा पातळ पडदा तरंगत होता. अशा वेळी एका घराच्या ओटीवर बारा वर्षांची एक मुलगी पुस्तक वाचीत बसली होती. जादूच्या राज्यातील सात भागांची ती कथा होती. दोन वर्षांत तिने सहा भाग संपवले होते. एकेक भाग कोठून कोठून मागून आणला होता. आज सातव्या भागाचे शेवटचे पान उलटले आणि तिने ते पुस्तक धाडकन मिटले.

आत तिची आजी ‘रामविजया’ची पोथी वाचीत होती. आवाज ऐकून तिने विचारले, “काय गं, संपलं का पुस्तक?”

“संपलं, आजी, पण शेवट बिघडवला. इतके दिवस मी याचीच वाट पाहत होते का?”

आजी हसून म्हणाली, “अगं, पोथीची समाप्ती झाली की मलाही थोडं वाईट वाटतंच.”

“तसं नाही, आजी. वाईट वाटणं वेगळं आणि फसल्यासारखं वाटणं वेगळं.”

नात सहज बोलून गेली. परंतु तिच्या त्या एका वाक्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कथांच्या मालिका जगभर आवडीने वाचल्या जातात. त्यांचे पहिले भाग वाचकाला झपाटून टाकतात. मधले भाग त्याला जेवणाखाणाची आठवण राहू देत नाहीत. आणि शेवटचा भाग मात्र पुष्कळदा त्याची निराशा करतो. असे का व्हावे? दोष लेखकाचा की वाचकाचा? आणि निराश झालेल्या वाचकाने करावे तरी काय? या प्रश्नांचा विचार शांतपणे करण्यासारखा आहे.

प्रथम काही उदाहरणे पाहणे बरे. एल. फ्रँक बाऊम या अमेरिकन लेखकाने १९०० साली ‘ओझ’ नावाच्या अद्भुत देशाची कथा लिहिली. वादळाने उडवून नेलेली डोरोथी ही मुलगी, बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह यांची ती कथा मुलांना अतिशय आवडली. बाऊमने पुढचे भाग लिहिले. परंतु पुढे त्याला त्या देशाचा कंटाळा आला आणि दुसऱ्या गोष्टी लिहाव्यात असे वाटू लागले. म्हणून १९१० साली निघालेल्या सहाव्या भागात त्याने एक युक्ती केली. ओझ देश जादूने अदृश्य झाला असून बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध कायमचा तुटला आहे, सबब तेथील वार्ता आता कळणार नाही, असे सांगून त्याने मालिकेचे दार लावून घेतले. वाचकांना हा शेवट मुळीच मानवला नाही. मुलांची पत्रे येतच राहिली. अखेर १९१३ साली बाऊमला ते दार पुन्हा उघडावे लागले. बिनतारी यंत्राने ओझशी संपर्क साधता आला, अशी मजेदार सबब त्याने नव्या भागाच्या आरंभी सांगितली! त्यानंतर त्याने मरेपर्यंत या मालिकेचे लेखन सोडले नाही. त्याचा चौदावा भाग १९२० साली, त्याच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला आणि पुढे १९२१ पासून दुसऱ्या लेखिकेने ती मालिका चालू ठेवली.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील आहे. सी. एस. लुईस या विद्वान प्राध्यापकाने १९५० ते १९५६ या सात वर्षांत ‘नार्निया’ या काल्पनिक देशाच्या सात कथा प्रसिद्ध केल्या. कपाटाच्या दारातून त्या देशात पोहोचलेली चार भावंडे तेथील राजे आणि राण्या होतात. त्यांपैकी थोरली बहीण सुसान ही धनुर्विद्येत निष्णात असते. सातव्या भागात मात्र बाकीची भावंडे नार्नियात परततात आणि सुसान तेथे नसते. तिला आता नटण्यामुरडण्यात आणि समारंभांच्या आमंत्रणांतच रस आहे, ती नार्नियाची राहिली नाही, असे इतर पात्रे चार वाक्यांत सांगून मोकळी होतात. या पुस्तकाला इंग्लंडमधील बालसाहित्याचे मानाचे कार्नेगी पदक मिळाले. तरीही सुसानच्या वाचकांना हा शेवट आजतागायत बोचत आला आहे. जिच्यासोबत इतका प्रवास केला तिला निरोपाचे एक दृश्यही मिळू नये, ही त्यांची तक्रार आहे आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

हॅरी पॉटर या जादूगार मुलाची मालिका १९९७ साली सुरू झाली आणि २००७ साली सातव्या भागाने संपली. त्या भागातील अखेरचे प्रकरण एकोणीस वर्षांनंतरचे आहे. नायक मोठा झाला आहे, त्याला मुले आहेत आणि तो त्यांना शाळेच्या गाडीत बसवून देत आहे. काही वाचकांना या दृश्याने समाधान वाटले. काहींना मात्र वाटले की लेखिकेने पुढची सारी वर्षे स्वतःच भरून टाकली आणि वाचकाच्या कल्पनेसाठी एकही कोनाडा रिकामा ठेवला नाही. एकच शेवट एकाला तृप्त करतो आणि दुसऱ्याला रुखरुख लावतो, हे यावरून दिसून येते.

शेवटचा भाग लिहिणे इतके अवघड का असते? याची कारणे पाहिली म्हणजे लेखकाविषयी थोडी सहानुभूतीही वाटू लागते. पहिल्या भागात लेखकाला केवळ वचने द्यायची असतात. बंद खोलीत काय आहे, म्हाताऱ्या जादूगाराचे गुपित कोणते, हरवलेला राजपुत्र कोठे आहे, अशी एकेक गाठ तो बांधीत जातो. गाठ बांधणे सोपे असते. शेवटच्या भागात मात्र त्या सर्व गाठी, एकही दोरा न तोडता, सोडवायच्या असतात. देणेकऱ्याने वर्षानुवर्षे उसनवारी करावी आणि एकाच दिवशी सर्व सावकार दारात उभे राहावेत, तशी त्याची अवस्था होते. मग काही गाठी तो घाईघाईने सोडवतो, काही विसरतो, तर काही सरळ कात्रीने कापून टाकतो.

दुसरे कारण वाचकाच्या मनात असते. एक भाग वाचून झाला की दुसरा हाती येईपर्यंत महिने किंवा वर्षे जातात. त्या काळात वाचक स्वस्थ बसत नाही. तो अंगणात, शाळेच्या वाटेवर आणि झोपेपूर्वी अंथरुणात त्या कथेचा शेवट शंभर प्रकारांनी रचून पाहतो. लेखकाला त्या शंभरांतून एकच शेवट निवडावा लागतो. न उघडलेल्या पेटीत मोती, माणके, जादूचा दिवा, काहीही असू शकते. उघडलेल्या पेटीत मात्र जे असेल तेवढेच असते. म्हणून पेटी उघडताना होणारी थोडीशी निराशा ही कोणत्याही लेखकाला टाळता येणार नाही.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे. शेवट म्हणजे ताटातूट. ज्या पात्रांसोबत वाचक दोन-चार वर्षे राहिला, त्यांची सोबत शेवटच्या पानावर सुटते. या वियोगाचे दुःख पुष्कळदा पुस्तकावरील रागाचे रूप घेते. मामाच्या गावाहून परत निघताना लहान मूल एसटीच्या गाडीवर रागावते. वस्तुतः त्यात गाडीचा काही अपराध नसतो.

म्हणून निराश झालेल्या वाचकाने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की आपल्याला दुःख झाले आहे की आपली फसवणूक झाली आहे? गणेशपुरीच्या त्या मुलीने हा भेद अचूक ओळखला होता. दुःखाचा शेवट आणि वाईट शेवट या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या त्या आठवणींच्या अखेरीस आईचा मृत्यू होतो. ती पाने वाचताना ज्याचे डोळे भरून आले नाहीत असा मराठी वाचक विरळाच. तरीही ‘या पुस्तकाचा शेवट बिघडला’ असे कोणी म्हणत नाही. कारण आई आता या जगात नाही आणि तिचा मुलगा तिची आठवण सांगत आहे, हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. प्रत्येक रात्र त्याला त्या अखेरच्या रात्रीकडेच नेत असते. तेथे पोहोचल्यावर दुःख होते. पण लेखकाने आपल्याला भलत्याच ठिकाणी आणून सोडले, असे वाटत नाही.

महाभारताचे उदाहरण याहून मोठे आहे. अठरा पर्वांच्या त्या ग्रंथात युद्ध संपते, धर्मराजाला राज्य मिळते, आणि कोणाही मुलाला वाटावे की आता गोष्ट संपली. परंतु शेवटची तीन पर्वे सारे सुख हिरावून घेतात. मौसलपर्वात यादव आपापसांत लढून नष्ट होतात आणि श्रीकृष्ण देह ठेवतो. महाप्रस्थानिकपर्वात पांडव हिमालयाची वाट चालू लागतात. द्रौपदी आणि चार भाऊ एकामागून एक कोसळतात. स्वर्गारोहणपर्वात तर युधिष्ठिराला स्वर्गात पहिल्याप्रथम कोण दिसतो? दुर्योधन! आणि आपले भाऊ त्याला नरकातील अंधारात सापडतात. येथवर वाचून एखादे मूल ग्रंथ मिटील तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु जे मूल पुढे वाचते त्याला निराळेच काही गवसते. यादवांचा नाश अकस्मात झालेला नाही. युद्धानंतर शंभर पुत्रांच्या शोकाने व्याकूळ झालेल्या गांधारीने श्रीकृष्णाला शाप दिला होता, की छत्तिसाव्या वर्षी त्याच्या कुळाचाही असाच नाश होईल. ते बीज स्त्रीपर्वात पेरलेले होते. मौसलपर्वात ते उगवले. तसेच युधिष्ठिराचे. ज्याला जन्मभर धर्मराज म्हटले, तो खरोखर धर्मराज आहे काय, याची परीक्षा अजून बाकी होती. सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून तो स्वर्गाच्या रथात चढत नाही. आणि नरकात भावांचे आक्रोश ऐकल्यावर, स्वर्ग मिळत असूनही, मी येथेच राहीन, असे सांगतो. तेव्हा तो अंधार नाहीसा होतो. हा शेवट गोड नाही; पण तो खरा आहे. आधीच्या सतरा पर्वांचे देणे त्याने पुरेपूर फेडले आहे.

यावरून चांगल्या शेवटाची कसोटी हाती येते. शेवट सुखाचा असो वा दुःखाचा, तो गोष्टीच्या पोटातून आला पाहिजे. बाहेरून आणून चिकटवलेला असता कामा नये. या कसोटीला पूर्णपणे उतरणारी एक जुनी गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. ती म्हणजे वेताळाची.

राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातील वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळेल. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेव पंडिताने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात ही कथामाला आली आहे. तिचा शेवट कसा होतो? वेताळ अखेर असा एक प्रश्न विचारतो की राजाला त्याचे उत्तरच सुचत नाही. तो गप्प राहतो आणि चालत राहतो. राजाचे धैर्य पाहून वेताळ प्रसन्न होतो आणि ज्या भिक्षूसाठी राजा हे कष्ट करीत आहे तोच त्याचा बळी देणार असल्याचे सांगून राजाचे प्राण वाचवतो. हा शेवट किती नेटका आहे! जो नियम आरंभी सांगितला, त्याच नियमातून सुटकेची वाट निघाली. आयत्या वेळी कोणी देव आला नाही, कोणती नवी जादू सापडली नाही.

हीच कथा ‘चांदोबा’ मासिकातून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वाचली. तेथे मात्र वेताळाच्या गोष्टी मूळ संख्येच्या कितीतरी पलीकडे गेल्या. दर महिन्याला राजा बोले आणि दर महिन्याला वेताळ झाडावर परते. वाचकांना ते हवेच होते; कारण शेवट नाही तेथे वियोगही नाही. परंतु पुढे ते मासिकच बंद पडले आणि राजा वाटेतच राहिला. आवडती गोष्ट कधीच संपू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. पण न संपणारी गोष्ट अखेर कोठेतरी नुसती थांबते, आणि थांबणे म्हणजे संपणे नव्हे. वाईट शेवटाइतकीच शेवट नसण्याचीही एक निराशा असते.

आता राहिला सर्वांत जवळचा दाखला. तो म्हणजे त्या दुपारी आजीच्या हातात असलेल्या पोथीचा. वाल्मीकींच्या रामायणात सात कांडे आहेत. सहाव्या युद्धकांडाच्या अखेरीस रामाचा राज्याभिषेक होतो आणि ग्रंथ वाचल्याने मिळणाऱ्या फळाचे वर्णनही तेथे येते. असे वर्णन सहसा ग्रंथाच्या शेवटी येत असते. या व अशा इतर कारणांवरून, सातवे उत्तरकांड मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते कोणीही लिहिलेले असो, त्यातील सीतात्यागाने शतकानुशतके वाचकांचे मन अस्वस्थ केले आहे. ज्या सीतेसाठी सागरावर सेतू बांधला, तिला पुन्हा वनात का जावे लागावे? हा प्रश्न आजच्या मुलांनाच पडतो असे नाही. तो थोर थोर कवींनाही पडला.

आणि त्यांनी त्याचे काय केले, हे पाहणे फार उद्बोधक आहे. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात ‘उत्तररामचरित’ हे संस्कृत नाटक लिहिले. त्याने सीतेचा त्याग वगळला नाही. उलट रामाचे दुःख त्याने असे रंगवले की दगडालाही पाझर फुटावा. परंतु सातव्या अंकात त्याने राम आणि सीता यांची पुन्हा भेट घडवून आणली. तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ या ग्रंथात उत्तरकांड लिहिले. पण सीतात्यागाची कथा त्यात सांगितलीच नाही. महाराष्ट्रात पैठणच्या एकनाथ महाराजांनी ‘भावार्थ रामायण’ हा विशाल ग्रंथ आरंभिला. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाल्यावर, १५९९ साली, त्यांनी देह ठेवला आणि उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. हा गावबा लहानपणी पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिला आणि ‘एकनाथ’ या नावाखेरीज दुसरा मंत्र त्याच्या तोंडून निघत नसे, अशी आख्यायिका आहे. गुरूच्या अपुऱ्या ग्रंथाचे शेवटचे पुस्तक लिहिणे हे केवढे कठीण काम! ते त्याने भक्तीने पार पाडले.

अगदी अलीकडचे उदाहरण ‘गीतरामायणा’चे आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक या क्रमाने, पुणे आकाशवाणीवरून ही गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांनी ती लिहिली आणि सुधीर फडके यांनी त्यांना संगीत दिले. अशी छप्पन्न गीते झाली. पहिल्या गीतात कुश आणि लव हे दोघे बालक रामासमोर रामायण गात आहेत. पुढे सारी कथा उलगडते. सीतेचा वनवासही येतो. मग छप्पन्नाव्या गीतात काय असावे? वाल्मीकी त्या दोन बालकांना रामायण गाण्यासाठी पाठवीत आहेत! म्हणजे शेवटचे गीत संपते तेथे पहिले गीत सुरू होते. जी कथा दुःखात संपली असती, ती कवीने पुन्हा आरंभाशी नेऊन जोडली. ऐकणाऱ्याला वाटते, कथा संपली नाही. आता ती पुन्हा ऐकायची आहे.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. शेवटाने निराश झालेला वाचक हा उद्धट किंवा कृतघ्न नसतो. भवभूती हाही एक असा वाचकच होता. परंतु तो नुसता कुरकुरत बसला नाही. त्याने मूळ कथेवर प्रेम कायम ठेवून दुसरा शेवट निर्माण केला. निराशेचा याहून चांगला उपयोग कोणता?

म्हणून वाचकाने शेवटावर अवश्य मत द्यावे; मात्र ते कारणांसह द्यावे. ‘आवडले नाही’ एवढे म्हणणे म्हणजे मत नव्हे. कोणते वचन मोडले गेले? कोणते पात्र आपल्या स्वभावाविरुद्ध वागले? कोणती गाठ सुटली नाही? हे ज्याला दाखवता येते त्याची तक्रार ऐकण्यासारखी असते. अशी सवय पुस्तकांवर लागली की ती पुढे आयुष्यातही कामी येते. दिलेले वचन पाळले गेले की नाही, हे तपासणारा मनुष्य सहजासहजी फसत नाही आणि दुसऱ्यालाही फसवीत नाही.

त्याचबरोबर, शेवट फसला म्हणून आधीचे सर्व भाग वाया गेले, असे मानणे हा मात्र अन्याय होय. गणेशपुरीजवळून वाहणारी तानसा नदी पुढे वैतरणेला मिळते आणि तिच्यासंगे समुद्रात जाते. समुद्राच्या तोंडाशी नदीचे पाणी गढूळ आणि खारट होते. म्हणून वर डोंगरात ते गोड नव्हते, असे कोणी म्हणत नाही. सहा पुस्तकांनी ज्या मुलीला दोन पावसाळे आनंदात ठेवले, तिचा तो आनंद खराच होता. सातवे पुस्तक तो परत घेऊ शकत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाऊस थोडा ओसरला. आजीने पोथी रेशमी फडक्यात बांधता बांधता नातीला सांगितले, “मी लहान असताना सीतामाईच्या वनवासाचा अध्याय आला की कानांवर हात ठेवी. माझी आजी म्हणे, ‘ऐक, तोही ऐक. नाहीतर तिच्यावर काय गुदरलं हे तुला कळणार कसं?’ मग पोथी संपली की ती माझ्यासाठी राज्याभिषेकाचा अध्याय पुन्हा एकदा वाची. अजून मी तसंच करते.”

नात थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने आपली वही काढली. पहिल्या पानावर तिने त्या सातव्या पुस्तकातील चुका क्रमाने लिहिल्या. त्या पाच भरल्या. दुसऱ्या पानावर तिने, जे आवडले ते लिहिले. ते सात निघाले. आकडे पाहून तिचे तिलाच आश्चर्य वाटले. तिसरे पान तिने कोरे ठेवले आणि त्यावर केवळ शीर्षक लिहिले, ‘शेवट, जसा व्हायला हवा होता तसा.’ मग कंदिलाची काच पुसणाऱ्या आजीजवळ सरकून बसत तिने विचारले, “आजी, तो राज्याभिषेकाचा अध्याय आज वाचशील? मलाही ऐकायचा आहे.”